मेलेल्यांचे मिळत नाहीत

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. आधण उतू जायच्या बेतात होतं. तिने पदराच्या टोकाने झाकण उचललं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. झाकणाचा आवाज तिला ऐकू आला होता. या घरात आल्यापासून सकाळच्या वेळी झाकणाचा आवाज तिला कधी ऐकू आला नव्हता. भिंतीला लागूनच कोंबड्यांचं शेड. उजाडलं की असा कलकलाट, की अंगणातल्या माणसाला हाक मारायची तर घसा ताणावा लागायचा. पाहुणे म्हणायचे, "तुम्ही नवरा-बायको भांडता तरी कसे?" ती म्हणायची, "खाणाखुणांनी."

आज भिंतीपलीकडे काहीच नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तिची तीच दचकली.

नवरा दात घासत होता. त्यानेही ऐकलं होतं ते, म्हणजे जे ऐकू येत नव्हतं ते. चूळ न भरताच तो शेडकडे धावला, आणि मागोमाग ती.

जाळीचं दार उघडलं तरी एकही कोंबडी बाजूला सरकली नाही. तुसावर जिथल्या तिथे माना आखडून काही उभ्या, काही बसलेल्या. तुरे जांभळे पडलेले, डोळे सुजून मिटलेले. खाद्याची भांडी रात्री भरली तशीच भरलेली. भिंतीच्या कडेला मेलेल्या कोंबड्यांची रांगच लागली होती, जणू शेवटी सगळ्यांनी भिंतीचाच आधार शोधला होता. नवऱ्याने एकीला पाय धरून उचललं. मान लोंबली आणि चोचीतून पाण्याची तार सुटली. काल चार मेल्या होत्या, तेव्हा तो म्हणाला होता, उकाडा आहे. परवा एक मेली होती, तेव्हा तर काहीच म्हणाला नव्हता.

तिने एक अंडं उचललं. कवचच नव्हतं त्याला. नुसता पापुद्रा, आत सगळं हलत होतं. बोटांनी दाबलं न दाबलं तोच ते तिच्या तळहातावर फुटलं.

"अजून निम्म्याच्या वर उभ्या आहेत," नवरा म्हणाला. तो दारात येऊन उभा राहिला होता आणि मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता. "गाडीवाल्याला फोन लावतो. दुपारपर्यंत येईल. भाव पाडेल, पण नेईल."

"आजारी कोंबड्या?"

"उभ्या आहेत म्हटलं ना. वजनावर घेतो तो, तोंड बघून नाही."

"आणि पुढे?"

"पुढे काय? पुढे लोक शिजवून खातात. शिजवल्यावर काही राहत नाही त्यात. डॉक्टरच सांगतात."

ती हातावरचं अंडं तुसाला पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "मग एक आपणच ठेवून घेऊ. आज शिजवते. भिंगरीला पहिली वाढू."

भिंगरी म्हणजे त्यांची लेक. सहा वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून ते नाव पडलेलं. ती आत गोधडीत होती अजून.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग शेडकडे पाहिलं. मग त्याने खिशातून फोन काढला, जनावरांच्या दवाखान्याचा नंबर लावला, आणि घंटी वाजायला लागल्यावर फोन तिच्या हातात दिला.

"तूच बोल. माझ्या तोंडून निघायचं नाही."

*

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. मोटारसायकलवर आला, हेल्मेट कठड्यावर ठेवलं, पायाला पिशव्या बांधल्या आणि आत गेला. कोंबड्यांच्या घशातून कापसाचे बोळे फिरवून त्याने नळ्यांमध्ये भरले. जाताना म्हणाला, "बरं केलंत कळवलंत ते. लोक कळवत नाहीत."

तपासणी मोठ्या शहरात व्हायची होती. तिथून उत्तर येईपर्यंत एकही पक्षी हलवायचा नाही, विकायचा नाही, मारायचा नाही. नवरा दारात खाट टाकून बसला. शेडकडे पाठ करून बसायचा. भिंगरी विचारायची, बाबा, तुमचं तोंड तिकडे का? तो म्हणायचा, इकडे सावली आहे. सावली इकडे नव्हती.

वाट बघण्यात दिवस गेले, आणि त्या दिवसांत जे उभं होतं ते बसलं, बसलं होतं ते आडवं झालं. ती तोंडाला फडकं बांधून सकाळ-संध्याकाळ मेलेल्या कोंबड्या पोत्यांत भरायची. पोतं ओढताना पाठीत कळ यायची. बाळंतपणानंतर राहिलेली जुनी कळ होती ती. तेव्हा कोपऱ्यावरच्या आत्याने महिनाभर तेल लावून ती मुरवली होती.

आत्या नवऱ्याच्या वडिलांची चुलतबहीण. एकटी राहायची, पाठच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका खोलीत. मुलगा-सून चार घरं सोडून. आत्याच्या परसात वीसेक गावठी कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. एक सावकारीण, कारण ती दुसऱ्यांच्या दाण्यावर हक्क सांगायची. एक मास्तरीण. एक नुसतीच "अगं". अंडी विकून आत्याचं तेल-मीठ, चहा-साखर, गुडघ्याच्या गोळ्या, सगळं चालायचं. मुलगा म्हणायचा, आमच्यात येऊन राहा. आत्या म्हणायची, "येईन की. माझ्या कोंबड्यांनी मला घराबाहेर काढलं की येईन."

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरबरोबर एक साहेबही आले. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली केली. डॉक्टरने फोनवर नकाशा काढून नवऱ्यापुढे धरला. नकाशावर एक गोल होता, आणि गोलाच्या बरोबर मधोमध त्यांचं शेड.

"या गोलात जेवढे पक्षी आहेत तेवढे सगळे मारायचे," डॉक्टर म्हणाला. "उद्या माणसं येतील."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. घरोघरचेही."

तिने गोलाकडे पाहिलं. त्यात पाठची गल्ली होती.

"ज्या चांगल्या आहेत त्यासुद्धा?" तिने विचारलं.

"ताई, चांगली आणि आजारी हे आज कळत नाही. चार दिवसांनी कळतं, आणि तोवर रोग पुढच्या गावात गेलेला असतो." तो समजुतीने बोलत होता. शिकवल्यासारखं नाही, स्वतःलाही समजावल्यासारखं. "हजार मारले तर लाख वाचतात. असा हिशेब आहे."

"आमचे पैसे?" नवऱ्याने विचारलं.

"मारलेल्या पक्ष्यामागे भरपाई आहे."

"आणि मेलेल्या?"

"मेलेल्यांचे मिळत नाहीत."

नवऱ्याने नकाशावरच्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमची तपासणी येईपर्यंत ज्या मेल्या त्या आमच्या. आणि उद्या तुमच्या हाताने ज्या मरतील त्या सरकारच्या."

"मेलेल्यांचेही दिले तर लोक मरायची वाट बघत बसतील ना. जिवंत असताना कळवावं, म्हणून तसा नियम केलाय."

"आम्ही जिवंत असतानाच कळवलं होतं."

डॉक्टरने तोंडावरची पट्टी कानामागे सारखी केली. गाडीतून साहेब म्हणाले, "चला, अजून दोन ठिकाणी जायचंय," आणि काच वर गेली.

*

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या झग्यांतली माणसं आली. त्यांच्या चेहऱ्यांवर चष्मे होते आणि चष्म्यांच्या आत घाम. शेडमागे यंत्राने खड्डा घेतला. उरलेल्या कोंबड्यांच्या माना पिरगाळायलाही फार वेळ लागला नाही. बऱ्याचशा हातात घेता घेताच गेल्या, आणि मोजणारा माणूस दर वेळी विचारायचा, "ही मारली की मेली?" झगेवाला म्हणायचा, "काय माहीत, लिही काहीतरी." नवरा बाजूला उभा होता. एकदा तो म्हणाला, "मारली लिहा हो," आणि लगेच मान खाली घातली. भीक मागितल्यासारखा तो आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

खड्ड्यात खाद्याची पोतीही गेली, अंडीही गेली. वर चुना. मग माणसं घरोघरी निघाली.

पाठच्या गल्लीत बायका दाराशी उभ्या होत्या. कुणाच्या चार होत्या, कुणाच्या सहा.  नळावरची एक जण तिला पाहून, सकाळपासून रांगेत लावलेली तिची घागर पायाने बाजूला सारत दुसरीला म्हणाली, "जरा लांब गं. आपण साधी माणसं. आपल्यात कळवायची पद्धत नाही."

डॉक्टरने तिला बरोबर यायला सांगितलं होतं. घरं दाखवायला कुणीतरी ओळखीचं हवं होतं आणि बाकी कुणी तयार नव्हतं. ती नाही म्हणू शकली असती. पण मनात आलं, आत्याच्या दारात झगेवाल्यांच्या आधी आपण गेलेलं बरं. भिंगरी तिच्या ओच्याला धरून होती. घरी थांब म्हटलं तर ऐकेना.

आत्या उंबऱ्यात बसली होती, पाय पसरून, जणू कुणी पापड वाळवायला ठेवलेत आणि ती राखण करतेय. परसातल्या कोंबड्या तिने नेऊ दिल्या. एक-एक पकडताना झगेवाल्यांची धांदल उडाली. सावकारीण कुंपणावर चढली आणि दोघे जण तिच्यामागे आपटले, तेव्हा आत्या हसलीसुद्धा. "अरे, शिकवलं नाही का तुम्हाला? कोंबडी धरायची तर कोंबडीसारखं बसावं लागतं."

मग मोजणी झाली. डॉक्टर म्हणाला, "आजी, आणखी आहेत?"

"होत्या तेवढ्या नेल्यात बाबा."

"घरात?"

"घरात मी आहे. मला न्यायचं तर न्या."

डॉक्टर हसला नाही. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्यामुळे आम्हाला कळलं. तुम्ही एकट्या खरं बोलता इथे. तुम्हीच सांगा. आत काही आहे?"

तिला माहीत नव्हतं. पण मास्तरीण गेलेल्यांत नव्हती, हे तिने पाहिलं होतं. "अगं"ही नव्हती. दारातून आत धान्याची कणगी दिसत होती आणि कणगीवर, एवढ्या उकाड्यात, गोधडी घातलेली होती.

आत्या तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत विनवणी नव्हती. नुसती बघत होती, बाळंतिणीची कूस दाबताना बघायची तशी, दुखतंय का ते पाहायला.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. सगळ्या गल्लीने तो शब्द ऐकला असता, आणि संध्याकाळी नळावर तिची घागर कुणी सारली नसती. पण आजारी कोंबडी ज्यांच्या ताटात गेली असती, त्या तोंडही न पाहिलेल्या लेकरांसाठी तिने शेडवर पाणी सोडलं होतं. त्या लेकरांतलंच एखादं या गल्लीतलं असलं तर? आणि परक्या लेकरांचा एवढा विचार करायचा, तर मग आत्या कोण? तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं.

डॉक्टर तिच्याकडे पाहून झगेवाल्यांना म्हणाला, "आत बघा."

"थांबा," आत्या म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, आत गेली, गोधडी काढली. कणगीत वाकून दोन कोंबड्या काढल्या आणि दोन काखांत धरून बाहेर आली. झगेवाल्याने पाय धरायला हात पुढे केला तशी ती मागे सरकली.

"पायाला धरून उलटी करायची नाही. हिला आवडत नाही." मग भिंगरीकडे बघून म्हणाली, "पोरीला घरी ने गं. हे बघायचं नसतं."

आत्याने तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत्या एवढंच बोलली आणि दार लोटून घेतलं.

*

त्यानंतर तीन महिने शेडमध्ये पक्षी ठेवायला बंदी होती. नवऱ्याने तूस खरवडून काढलं, जमीन जाळून घेतली, भिंतींना चुना दिला. खरवडायला काही उरलं नाही तेव्हा तो ट्रॅक्टरवाल्याकडे मजुरीला जायला लागला.

ट्रॅक्टरवाल्याचं शेड गोलाच्या जरासं बाहेर होतं. नव्या पक्ष्यांनी गजबजलेलं होतं ते, आणि नवरा तिथे फावड्याने घाण उपसायचा. एकदा ती डबा घेऊन गेली तेव्हा ट्रॅक्टरवाला खुर्चीत बसून दात कोरत होता.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण माझ्याकडेही मरत होत्या की. तुमच्या आठवडाभर आधी. मी गाडी बोलावली, शेड झाडलं, विषय संपला. ना गोल, ना चौकोन. तुम्ही पडलात चांगल्या. चांगल्या माणसाने हा धंदा करू नये. वाण्याने उपास करण्यासारखं आहे ते. दुकान बसतं, आणि पुण्यही तराजूत मावत नाही."

नवऱ्याने फावडं थांबवलं नाही. फक्त पुढचा घाव जरा जोरात पडला.

वाटेत ती म्हणाली, "ऐकून घेतलंत तुम्ही."

"मग काय करू? आठवड्याला हातात तोच देतो." थोडं चालून तो म्हणाला, "आणि खोटं काय बोलला? आपल्याकडची त्याच्याकडूनच आली असणार. त्याला काही नाही झालं. आपल्याला झालं. आत्याला झालं." मग अगदी हळू, "मी तुला दोष देत नाही गं." आणि तिला कळलं की तो रोज देतो, आणि रोज परत घेतो.

ती कांदे निवडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून सडका बाजूला, चांगला बाजूला. कुजलेल्या कांद्याचा वास केसांत बसायचा. भिंगरी जवळ यायची, नाक धरायची, आणि तरीही कुशीत शिरायची. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसत नाही असं कळलं होतं. विचारलं तर म्हणायची, "मला ऐसपैस जागा मिळते."

आत्याच्या कोंबड्यांची भरपाई आली, पण आत्याचं बँकेत खातं नव्हतं म्हणून ती मुलाच्या खात्यात गेली, आणि मुलाच्या गाडीला नवे टायर आले. आत्याची खोली बंद झाली. ती मुलाकडे राहायला गेली. येता-जाता दिसायची. सुनेची भांडी घासताना, ओट्याशी ताट हातात धरून उभी, सगळ्यांचं होईपर्यंत. चहात साखर घालू का म्हणून तिने सुनेला विचारलेलं एकदा कानावर आलं. ज्या बाईने आयुष्यात कुणाला विचारून काही केलं नाही, ती साखरेला विचारत होती.

तिने कांद्यांच्या मजुरीतून थोडं थोडं मागे टाकलं. बंदी उठायच्या आठवड्यात लांबच्या बाजारातून दोन तलंगा आणल्या, आता अंड्यावर येतील अशा. टोपलीत घालून आत्याकडे नेल्या. सून म्हणाली, इथे घाण नको. आत्याने टोपलीचं फडकं वर करून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कनवटीची किल्ली काढली आणि आपल्या खोलीकडे चालायला लागली. ती मागे टोपली घेऊन.

कुलूप गंजलं होतं. दोघींनी मिळून फिरवलं. परसात टोपली उघडली तशी एक तलंग बाहेर आली, दुसरी आतच बसून राहिली.

"ही आळशी आहे," आत्या म्हणाली. तीन महिन्यांतलं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "हिला काय म्हणू गं? साहेबीण म्हणते. काच खाली करून बसलीय."

घरी येताना तिला रस्ता दिसेना, डोळे इतके भरले होते.

नवरा शेडमध्ये नवं तूस पसरत होता. उद्या सकाळी पिल्लांची गाडी यायची होती. डॉक्टर येऊन शेड पाहून गेला होता, "शाबास" म्हणाला होता, आणि रानातलं पाखरू मेलेलं दिसलं तरी कळवा, असंही सांगून गेला होता. नवरा शीळ घालत होता. भुशाच्या धुळीत ऊन तिरपं पडलं होतं, आणि तो गुडघ्यांवर बसून हाताने तूस सारखं करत होता, कुणासाठी तरी अंथरूण घालावं तसं. तिने फडकं भिजवलं आणि पाण्याची भांडी पुसायला घेतली.

भिंगरी मागच्या बाजूने आली. धावत नव्हती. हळू चालत आली, दाराशी थांबली, आत बाबांकडे एकदा पाहिलं, आणि आईला खुणेने बाहेर बोलावलं. ती बाहेर आली तसं पोरीने तिचा पदर ओढून कान खाली घेतला.

"आई, टाकीमागे कावळा मरून पडलाय. एक नाही, दोन." तिचा श्वास कानाला गरम लागत होता. "मी हात नाही लावला. कुणाला बोलले पण नाही."

आत शीळ चालूच होती. पाठच्या गल्लीतून आत्याचा आवाज आला, कुणाला तरी दाण्यावरून रागवत होती.

भिंगरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगायचं का गं, आई?"